बाळाच्या अंगात चरबी किती? : मोजमापाच्या पद्धतींची एक तपासणी

शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलांना उंची-वजनाची चिठ्ठी मिळते, ही जुनी गोष्ट झाली. अलीकडे काही ठिकाणी या चिठ्ठीवर आणखी एक ओळ दिसू लागली आहे : ‘शरीरातील चरबी २३.४ टक्के’. मूल एका चपट्या यंत्रावर अनवाणी उभे राहते, काही सेकंदांत आकडा उमटतो आणि दुसऱ्या दिवशी पालक तो घेऊन शिक्षकांकडे येतात. हे जास्त आहे का, असे ते विचारतात.

आम्हांला वाटते, या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. हा आकडा आला कोठून? देहातील चरबी थेट मोजायची तर देहाचे रासायनिक पृथक्करण करावे लागते, आणि ते मृत देहाचेच करता येते. जिवंत मुलाच्या बाबतीत आपण दुसरेच काहीतरी मोजतो. कोणी आकारमान मोजतो, कोणी पाणी, कोणी विजेला होणारा रोध, तर कोणी कातडीच्या घडीची जाडी. मग एखादे गृहीतक धरून तेथून चरबीच्या आकड्यापर्यंत जातो. मोजणी चोख असली तरी गृहीतक कच्चे असू शकते. लहान मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते, आणि चिठ्ठीवरच्या दशांश चिन्हाने ते झाकले जाते.

सर्वांत जुन्या पद्धतीपासून सुरुवात करू. शरीराचे दोन भाग कल्पावेत : चरबी आणि चरबीविरहित भाग. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम. चरबीविरहित भागाची घनता प्रौढांमध्ये सुमारे १.१ धरतात. संपूर्ण शरीराची घनता मिळाली की या दोन आकड्यांवरून चरबीचे प्रमाण काढता येते. दूध आणि पाण्याच्या भेसळीचे गणित सातवी-आठवीत करतो, तसेच हे गणित आहे. सिरी यांनी १९६१ मध्ये दिलेले सूत्र प्रसिद्ध आहे : ४९५ ला घनतेने भागावे आणि ४५० वजा करावेत, की चरबीचे टक्के मिळतात.

आता एक कल्पित बाळ घेऊ. वजन ३ किलो, चरबी १२ टक्के. नवजात बाळाचा चरबीविरहित भाग प्रौढांसारखा नसतो. त्यात पाणी जास्त, खनिजे आणि प्रथिने कमी. त्यामुळे त्या भागाची घनता १.१ नसून सुमारे १.०६३ असते. अशा बाळाची एकूण घनता १.०४०५ येते (वर्गात करून पाहावे). हा आकडा सिरींच्या सूत्रात घातला तर उत्तर येते २५.७ टक्के. खऱ्याच्या दुपटीहून जास्त!

आता त्याच बाळाच्या अंगातले पाणी मोजू. चरबीत पाणी जवळजवळ नसते. म्हणून शरीरातील एकूण पाणी कळले की चरबीविरहित भाग किती ते कळते. प्रौढांमध्ये या भागाचा सुमारे ७३ टक्के हिस्सा पाणी असतो, नवजात बाळात सुमारे ८०.६ टक्के. आपल्या बाळाचा चरबीविरहित भाग २.६४ किलो, म्हणजे त्यात २.१३ किलो पाणी. हे पाणी अगदी अचूक मोजले, पण पुढे प्रौढांचा ७३.२ टक्के हा आकडा वापरला, तर चरबीविरहित भाग २.९१ किलो येतो आणि चरबी उरते फक्त ३ टक्के.

बाळ एकच, दोन्ही मोजण्या बिनचूक, आणि उत्तरे २६ व ३. चूकही दोन्हीकडे एकच आहे : बाळाला लहान आकाराचा प्रौढ समजण्याची. पण एका पद्धतीत ती चरबी फुगवते आणि दुसरीत आटवते.

अर्थात आज कोणताही जाणता संशोधक बाळासाठी प्रौढांचे आकडे वापरत नाही. वयानुसार वेगळे आकडे आहेत. पण ते तरी आले कोठून? प्रौढांच्या चरबीविरहित भागाची घनता ज्या रासायनिक पृथक्करणांवर टेकलेली आहे, ती ब्रोझेक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वापरलेली माहिती अवघ्या तीन पुरुषांच्या मृतदेहांची होती. मुलांसाठी अमेरिकेतील आयोवा येथील सॅम्युअल फोमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये जन्मापासून दहा वर्षांपर्यंतचे ‘प्रमाण बालक’ मांडले. काम मोलाचेच आहे, त्यावाचून पुढचे फारसे काही झाले नसते. परंतु हे प्रमाण बालक म्हणजे कोणी प्रत्यक्ष मूल नव्हे. निरनिराळ्या अभ्यासांतील पाणी, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्या मोजमापांवरून ते जुळवलेले आहे, आणि मधल्या अनेक वयांचे आकडे मोजलेले नसून दोन्ही बाजूंच्या वयांवरून अंदाजाने भरलेले आहेत. तीन वर्षांच्या मुलासाठी आपण जो स्थिरांक म्हणून वापरतो, तो असा भरलेला आकडा असण्याचा संभव मोठा आहे. आपल्याकडच्या कमी वजनाच्या मुलांना तो जसाच्या तसा लागू पडेल, असे समजायला आधार नाही.

आकारमान मोजण्याची अडचण तर वेगळीच. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार माणसाला पाण्यात बुडवून तोलण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकी नौदलातील अल्बर्ट बेंके यांनी रुजवली. श्वास सोडून, पाण्याखाली निश्चल बसायचे. दोन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा कोणी करणार नाही! म्हणून पाण्याऐवजी हवा आली. मुलाला बंद कक्षात ठेवायचे, कक्षाचे आकारमान किंचित कमी-जास्त करायचे आणि दाबातील बदलावरून आत हवा किती उरली, म्हणजेच मुलाने किती जागा व्यापली, ते काढायचे. शिक्षकांना येथे बॉइलचा नियम आठवेल, पण तो येथे सर्वत्र लागू नाही. दाब झपाट्याने बदलतो तेव्हा कक्षातील बहुतेक हवा थोडी तापते. कातडीलगतची, केसांत आणि कपड्यांत अडकलेली हवा मात्र तापमान कायम राखते आणि सुमारे ४० टक्के अधिक दबते. तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. म्हणूनच केसांवर घट्ट टोपी घालतात आणि बाळ उघडे ठेवतात.

या हिशेबाची नजाकत किती आहे पाहा. आपल्या तीन किलोच्या बाळाचे आकारमान सुमारे २.८८ लिटर. त्यात केवळ एक टक्क्याची, म्हणजे सुमारे २९ मिलिलिटरची चूक झाली, चहाचे सहा लहान चमचे म्हणा, तर १२ टक्क्यांच्या जागी जेमतेम ६ किंवा जवळजवळ १८ टक्के चरबी दिसते. तान्ह्या बाळांसाठीची ‘पी पॉड’ ही पेटी प्रत्यक्षात यापेक्षा खूपच अचूक मोजते, हे मान्य केले पाहिजे. पण ती सुमारे आठ किलो वजनापर्यंतच चालते, आणि मोठ्या कक्षाचे बालकांसाठीचे आसन साधारण दोन वर्षांपासून पुढे. सहा महिने ते दोन वर्षे हे रांगण्याचे, चालायला लागण्याचे वय या पद्धतीच्या हातून निसटते. आहारतज्ज्ञांना ज्या वयाची सर्वाधिक काळजी असते, तेच हे वय.

पाण्याची पद्धत या वयातही चालते. १९३४ मध्ये हेवेशी आणि होफर यांनी जड पाणी वापरून माणसाच्या शरीरातील पाणी मोजले होते. तत्त्व सोपे आहे. टाकीत ठरावीक थेंब रंग टाकावा, ढवळावे आणि रंग किती फिका झाला त्यावरून टाकीतले पाणी सांगावे. रंगाच्या जागी ड्यूटेरियम. काही तासांनी लाळेचा किंवा लघवीचा नमुना घेतला की झाले. मूल रडले, हलले तरी बिघडत नाही. मात्र पाजलेल्या मात्रेतला एखादा घोट ओठांतून सांडला की सगळा हिशेब चुकतो. शिवाय ड्यूटेरियमचे काही अणू प्रथिनांतील हायड्रोजनशी अदलाबदल करतात. त्यामुळे पाणी सुमारे ४ टक्के जास्त भासते, आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते.

आता चिठ्ठी छापणाऱ्या त्या यंत्राकडे वळू, कारण आमची खरी तक्रार त्याच्याविषयी आहे. त्यातून अगदी क्षीण, मिलिॲम्पिअरहूनही कमी विद्युतप्रवाह शरीरातून जातो. पाणी आणि क्षार असलेला भाग वीज वाहून नेतो, चरबी फारशी नेत नाही. शरीर हे एकसारख्या जाडीचे नळकांडे मानले, तर उंचीच्या वर्गाला रोधाने भागून पाण्याचा अंदाज बांधता येतो. पण शरीर एकसारखे नळकांडे नाही. बारीक हातापायांचा रोध मोठा आणि जाड धडाचा अगदी कमी. त्यातून पायाच्या दोन तळव्यांमधून वीज सोडणारे यंत्र मुख्यतः पायांचा रोध मोजते. पोटाविषयी ते जे सांगते ते सूत्राच्या भरवशावर.

ही सूत्रे एखाद्या मुलांच्या गटावर दुसरी पद्धत वापरून बसवलेली असतात. त्यांत रोधाबरोबर वय, लिंग, उंची आणि वजनही असते. येथेच मेख आहे. शिक्षकांनी एक साधी चाचणी करून पाहावी. त्याच यंत्रावर, त्याच मिनिटाला, त्याच मुलाची नोंद एकदा ‘मुलगा’ आणि एकदा ‘मुलगी’ अशी करावी, किंवा वय दोन वर्षांनी वाढवावे. बहुतेक यंत्रांवर टक्का बदलतो. शरीर तेच, रोध तोच. म्हणजे उत्तराचा मोठा भाग मुलाच्या अंगातून नव्हे, आपण दाबलेल्या बटणांतून आला. लहान बाळांच्या बाबतीत तर वजन आणि लांबी यांवरून जे सांगता येते, त्यात रोधाच्या मोजणीने फारच थोडी भर पडते. यंत्राचे सूत्र कोणत्या देशातील, कोणत्या वयाच्या मुलांवर बसवले आहे हे उत्पादक सांगणार नसेल, तर तो आकडा मुलाच्या चिठ्ठीवर छापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात ‘चरबी जास्त’ असा कागद देणे ही किरकोळ बाब नव्हे.

त्या मानाने साधा चिमटा, म्हणजे कॅलिपर, अधिक प्रामाणिक वाटतो. दंडाच्या मागे किंवा पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची घडी धरायची आणि ठरावीक दाबाच्या चिमट्याने जाडी वाचायची. ही जाडी मिलिमीटरमध्येच ठेवली तर तिच्यात गृहीतक फारसे नाही. तिचे टक्के करायला गेलो की पुन्हा सूत्र आले. स्लॉटर आणि सहकाऱ्यांचे १९८८ चे सूत्र या कामी फार वापरले जाते, पण ते ८ ते २९ वर्षे वयाच्या व्यक्तींवर बसवलेले आहे. त्याने चार वर्षांच्या मुलाची चरबी सांगणे म्हणजे दहावीच्या निकालावरून बालवाडीचे गुणपत्रक भरणे होय.

घडी मिलिमीटरमध्ये ठेवून काय साधता येते आणि काय निसटते, याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास केला. २००३ मध्ये त्यांनी येथील ६३१ नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली. सरासरी वजन येथे २.७ किलो, तेथे ३.५ किलो. साउदॅम्प्टनची सरासरी शून्य मानून प्रमाण विचलनाच्या एककात पाहिले, तर पोटाच्या घेरात आपली बाळे २.३८ ने मागे, दंडाच्या घेरात १.८२ ने मागे, आणि पाठीवरच्या घडीत मात्र केवळ ०.५३ ने मागे. स्नायू आणि अवयव कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकवलेली. यावरून ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना पुढे आली आणि मधुमेहाच्या चर्चेत जगभर गेली.

हा निष्कर्ष अनेकदा ‘भारतीय बाळे गोऱ्या बाळांपेक्षा लठ्ठ असतात’ असा सांगितला जातो. मूळ आकडे तसे म्हणत नाहीत. ०.५३ च्या मागे उणे चिन्ह आहे! घडी येथेही साउदॅम्प्टनपेक्षा पातळच होती. ती ‘त्या मानाने’ पातळ नव्हती, एवढाच दावा आहे, आणि त्या दोन शब्दांतच सगळा मुद्दा आहे.

दुसरी शंका पद्धतीची. घडीच्या मोजणीत हाताची चूक टेपपेक्षा जास्त होते. चूक जास्त म्हणजे आकड्यांचा पसारा जास्त, प्रमाण विचलन मोठे, आणि त्या मोठ्या एककात मोजलेली पिछाडी आपोआप लहान दिसते. मग ०.५३ हा केवळ ढिल्या मोजणीचा परिणाम तर नव्हे? आम्ही हिशेब करून पाहिला. घडीतली खरी पिछाडी दंडाइतकीच, १.८२, होती आणि केवळ चुकीमुळे ती ०.५३ दिसली असे मानायचे, तर मोजणीतली चूक बाळाबाळांतील खऱ्या फरकाच्या तिपटीहून मोठी असायला हवी. प्रशिक्षित हातांकडून इतकी मोठी चूक संभवत नाही. तेव्हा शंका रास्त असली तरी निष्कर्ष तिने पडत नाही.

तिसरी मर्यादा मात्र चिमट्याला ओलांडता येत नाही. तो कातडीखालची चरबी पाहतो, पोटातली नाही. त्यासाठी वेगळी नजर हवी होती. नीना मोदी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पुणे आणि लंडन येथील नवजात बाळांच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या. पुण्याची बाळे वजनाने लहान होती, तरी त्यांच्या पोटाच्या भागातली चरबी, आतली आणि कातडीखालची, जास्त निघाली. येथे ‘त्या मानाने’ म्हणण्याचीही गरज उरली नाही. २००३ च्या अभ्यासात टेपने सर्वांत मागे दाखवलेला अवयव म्हणजे पोट, आणि प्रतिमेत चरबी जास्त दिसली तीही पोटातच. दोन अभ्यासांतील बाळे वेगळी होती हे खरे. तरीही घेर म्हणजे चरबी नव्हे, हे यातून नीट कळते. ज्यांच्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत अशा दोन पद्धतींनी एकाच दिशेला बोट दाखवणे, याला आम्ही मोठे वजन देतो.

पद्धतींची तुलना करणारे पुष्कळ लेख मात्र असा विचार न करता सहसंबंध गुणकावर थांबतात. दोन पद्धतींत सहसंबंध ०.९ आहे, म्हणून त्या एकमेकींच्या जागी चालतील! पाच मुले घ्या. पहिल्या पद्धतीने चरबी १४, १७, २०, २३, २६ टक्के. दुसरीने २०, २२, २४, २६, २८. सहसंबंध गुणक बरोबर १, म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आणि एकाही मुलाचे उत्तर जुळत नाही. शिवाय सर्वांत बारीक मुलात फरक ६ चा आणि सर्वांत जाड मुलात २ चा, म्हणजे दुसरी पद्धत बारीक मुलांनाच जास्त फुगवते. दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुले एकत्र घेऊन चरबीचे किलो मोजले, तर गुणक मोठा येणारच. मोठ्या मुलात सगळेच जास्त असते. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुचवलेला उपाय अगदी साधा आहे : प्रत्येक मुलासाठी दोन उत्तरांतला फरक काढावा आणि तो त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडावा. आतापर्यंत लपलेले सगळे उघडे पडते.

डेक्सा यंत्राला पुष्कळजण अंतिम पंच मानतात. दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरून ते हाड, चरबी आणि इतर भाग वेगळे करते, आणि किरणांची मात्राही अल्प असते. पण जेथे हाड आडवे येते तेथील चरबी त्याला मोजता येत नाही, शेजारच्या भागावरून ती भरली जाते. शिवाय गणकयंत्रातील आज्ञावली बदलली की लहान मुलाचा आकडाही बदलू शकतो. हलणारे मूल ही अडचण येथेही आहेच. आकारमान, पाणी, खनिज आणि वजन असे चारही मोजून चरबी काढण्याची पद्धत गृहीतके सर्वांत कमी धरते. मात्र चार मोजण्यांच्या चार चुका तिच्यात एकत्र होतात, आणि तिचा खर्च पाहता ती प्रयोगशाळेबाहेर पडणार नाही.

मग शाळेने काय करावे? उंची आणि वजन नीट मोजावे, दर वर्षी, त्याच काट्यावर. त्यावरून निघणारा बीएमआय चरबीचे मोजमाप नाही. शिवाय तो पहिल्या वर्षात वाढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. म्हणून प्रौढांची २५ ची रेघ मुलांना लावणे चूक आहे. वयानुसारचे तक्तेच पाहावेत. अंगणवाडीतील दंडाची रंगीत पट्टी चरबीविषयी काहीच सांगत नाही. तरी सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित आहे हे ती पट्टी सांगते. तिला विचारलेला प्रश्न नेमका आहे, म्हणून स्वस्त साधनही पुरते.

वरच्या वर्गांत हा विषय घेताना मुलांची चरबी मुळीच मोजू नये, कोणाची थट्टा होईल. डोक्याचा घेर मोजावा. दहा विद्यार्थ्यांचा घेर एका गटाने शिंप्याच्या टेपने आणि दुसऱ्या गटाने दोरा व पट्टी वापरून, एकमेकांचे आकडे न पाहता, तीन-तीन वेळा मोजावा. प्रथम प्रत्येक गटाचे स्वतःचे तीन आकडे आपसात किती जुळतात ते पाहावे. मग दोन साधनांतील फरक आणि सरासरी यांचा आलेख काढावा. दाट केस किंवा वेणी असलेल्यांच्या बाबतीत फरक एकाच बाजूला झुकतो का, हेही तपासावे. झुकलाच तर दोन्ही गटांनी साधनांची अदलाबदल करून पुन्हा मोजावे, म्हणजे दोष टेपचा की हाताचा ते कळेल.